जाड कुत्रा, भुकेला कुत्रा : पाळीव कुत्र्यांच्या वजनाच्या प्रश्नाचा आढावा

पाळीव कुत्र्याचं वजन हा पशुवैद्यकात स्वतंत्र विषय होऊन पन्नास-पंचावन्न वर्षंच झाली आहेत. जाड कुत्री त्याआधीही होती, पण ती दवाखान्यात यायची लंगडतात म्हणून, धाप लागते म्हणून, अंगाला खाज सुटते म्हणून. वजन हेच दुखण्याचं मूळ असू शकतं हे ध्यानात यायला वेळ लागला. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे हजार कुत्र्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतली २८ टक्के लठ्ठ निघाली. १९८६ मध्ये एडनी आणि स्मिथ यांनी तिथल्याच दवाखान्यांत येणाऱ्या आठ हजारांवर कुत्र्यांची माहिती गोळा केली. त्यांच्या हिशेबात लठ्ठ कुत्री २४ टक्के होती. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत जादा वजनाची आणि लठ्ठ मिळून ४१ टक्के कुत्री सापडली. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या लठ्ठपणावर काम करणाऱ्या संघटनेने २०२२ साठी दिलेला आकडा आहे ५९ टक्के.

या आकड्यांची आपापसांत थेट तुलना करता येत नाही. मोजमापं वेगळी, माणसं वेगळी. पण दिशा एकच आहे. आपल्याकडे शहरांत कुत्री पाळणारी घरं वाढली, लॅब्रॅडॉर आणि पग इमारतीतल्या लिफ्टमध्ये रोज भेटू लागले, आणि ‘डॉक्टर, हा काही खातच नाही, तरी सुटत चाललाय’ हे वाक्य दवाखान्यांत नेहमीचं झालं. म्हणून हा प्रश्न आज कुठवर आला आहे, कशावर एकमत झालं आहे आणि कशावर नाही, हे एकदा मांडून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो. जाडीमुळे नुकसान होतं, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वजन उतरवता येतं, हेही सिद्ध झालं आहे. खरी अडचण उतरलेलं वजन टिकवण्यात आहे, आणि नेमकं तिथेच संशोधन सर्वांत तोकडं आहे.

जाड कशाला म्हणायचं?

ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या २०१६ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षभरात जेमतेम ७ टक्के कुत्र्यांच्या कागदांवर ‘जादा वजन’ असं लिहिलेलं आढळलं. त्याच ब्रिटनमध्ये, ग्लासगोतल्या पाहणीत कुत्र्यांना हात लावून तपासलं, तेव्हा प्रमाण निघालं ५९ टक्के. या दोन आकड्यांमधल्या दरीतच निम्मा प्रश्न आहे. कुत्रा कानाच्या दुखण्यासाठी आणलेला असताना डॉक्टर वजनाचा विषय काढत नाहीत. काढला तरी कागदावर लिहीत नाहीत. मालकाला ते आवडणार नाही, ही धास्ती असते. आपल्याकडे तर ‘अंगानं चांगला भरलाय’ हे कौतुकाचं बोलणं आहे, आणि बारीक कुत्रा दिसला की घरच्यांच्या खाऊ घालण्यावर शंका घेतली जाते.

नुसत्या किलोंवरून फारसं कळत नाही, कारण एकाच जातीत हाडापेराचा फरक मोठा असतो. म्हणून १९९७ मध्ये डॉटी लाफ्लाम यांनी तपासून पक्की केलेली नऊ गुणांची अंगस्थितीची पट्टी आता जगभर वापरतात. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अतिलठ्ठ, चार-पाच म्हणजे योग्य. पाचाच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन, असा ढोबळ हिशेब असतो.

ही तपासणी घरीही जमते. कुत्रा उभा असताना दोन्ही तळहात त्याच्या छातीच्या बाजूंवर सपाट ठेवायचे आणि न दाबता बोटं मागेपुढे फिरवायची. मग स्वतःचा एक हात टेबलावर पालथा पसरून दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवायची. हाडं जाणवतात, वर पातळ थर लागतो. बरगड्या अशा लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर सांधे जसे टोचतात तशा त्या लागल्या तर कुत्रा रोड आहे. आणि हात उलटा करून तळव्याच्या मांसल भागाखाली हाडं शोधावी लागतात, तशा शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त झाली आहे. नंतर वरून बघायचं, बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसते का. आणि बाजूने बघायचं, पोट मागे वर उचललेलं आहे का. पॉमेरेनियन किंवा स्पिट्झसारख्या केसाळ कुत्र्यात डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हातच लावावा लागतो. उलट आपल्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याच्या बरगड्या दिसतात म्हणून त्याला उपाशी समजणं चूक; ती धावणाऱ्या कुत्र्याची ठेवणच आहे.

नजरेला सवय कशाची झाली आहे, यावरही बरंच ठरतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रदर्शनांत क्रमांक पटकावणाऱ्या हजारावर कुत्र्यांची छायाचित्रं तपासली, तर २६ टक्के जादा वजनाची होती. जातीचा आदर्श नमुना म्हणून गौरवलेला कुत्राच जाड असेल, तर घरातला त्याच्यासारखा कुत्रा जाड वाटेल कसा?

लठ्ठपणाची सर्वमान्य व्याख्याही फार उशिरा आली. आदर्श वजनापेक्षा ३० टक्के जास्त म्हणजे लठ्ठ, ही रेघ २०१८ मध्ये एका संयुक्त निवेदनातून पुढे आली. त्याच निवेदनात लठ्ठपणाला ‘रोग’ म्हणावं असा आग्रह होता, आणि अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने त्याला पाठिंबा दिला. रोग म्हटल्याने डॉक्टर तो गांभीर्याने नोंदवतील, विमा कंपन्या दखल घेतील, मालकालाही दोष दिल्यासारखं वाटणार नाही, असं या बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की लठ्ठपणा ही रोगांकडे नेणारी अवस्था आहे. तिलाच रोग ठरवलं की उपचार म्हणजे औषध किंवा खास पिशवीतलं महागडं खाद्य, असा समज पसरतो. दोन्ही बाजूंचे डॉक्टर मालकाला मात्र तोच सल्ला देतात, त्यामुळे हा वाद मला दवाखान्यापेक्षा धोरणाचा वाटतो.

बिघडतं काय?

या क्षेत्रात ज्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, असा एक अभ्यास आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीने १९८७ मध्ये ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही आयुष्यभर. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, तर दुसऱ्या गटाचं ११.२. म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षांचा फरक. सांध्यांच्या झिजेसाठी कायमचे उपचार लागण्याचं वय जास्त खाणाऱ्या गटात १०.३ आणि कमी खाणाऱ्या गटात १३.३ वर्षं होतं.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगायची राहून जाते. जास्त खाणाऱ्या गटातली कुत्री अतिलठ्ठ नव्हती. नऊच्या पट्टीवर त्यांचा सरासरी गुण पावणेसातच्या आसपास होता, म्हणजे आपण ज्याला ‘जरा गुटगुटीत’ म्हणू तेवढाच. तरीही दोन वर्षांच्या आसपास आयुष्य कमी झालं. लॅब्रॅडॉरच्या आयुष्यात दोन वर्षं थोडी नसतात.

या अभ्यासाच्या मर्यादाही ठाऊक आहेत. एकच जात, कंपनीच्या आवारात ठेवलेली कुत्री, आणि खर्च खाद्य विकणाऱ्या कंपनीचा. म्हणून २०१९ चा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या साखळीत आलेल्या बारा जातींच्या ५० हजारांवर घरगुती कुत्र्यांच्या नोंदी त्यात तपासल्या. बाराही जातींत जादा वजनाच्या कुत्र्यांचं आयुष्य कमी भरलं. जर्मन शेफर्डच्या नरांत पाच महिन्यांनी, तर यॉर्कशायर टेरियरच्या नरांत अडीच वर्षांनी. हाही अभ्यास खाद्य-उद्योगाशी जोडलेल्या संशोधकांचाच. पण दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन वेगळ्या पद्धती आणि उत्तर एकच, हे पाहिल्यावर निष्कर्ष नाकारणं अवघड होतं.

बाकी यादीत सांध्यांची झीज, उष्माघाताचा धोका, छोट्या जातींत श्वासनलिका दबण्याचा त्रास, स्वादुपिंडाला सूज हे सगळं येतं. आखूड नाकाच्या कुत्र्यांचं तर फारच वाईट. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत पोचला. त्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद. गळ्याभोवती आणि छातीवर चरबी चढली की विदर्भातल्या मे महिन्यात त्याला अंग थंड ठेवणंच जमत नाही, कारण कुत्र्याला तो एकच मोठा मार्ग आहे, धापा टाकणं. मधुमेहाच्या बाबतीत मात्र माणसाची समजूत कुत्र्यावर लादू नये. जाड कुत्र्यात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो हे खरं, पण माणसात किंवा मांजरात दिसतो तसा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कुत्र्यात स्पष्ट दिसून आलेला नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की थोडं वजन उतरलं तरी फरक पडतो. सांधे झिजलेल्या लठ्ठ कुत्र्यांत वजन सहा टक्क्यांच्या आसपास कमी झाल्यावरच लंगडणं कमी झाल्याचं २०१० मध्ये दिसलं. चाळीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी ते जेमतेम अडीच किलो. यावरून एक नवा मतप्रवाह निघाला आहे : म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला आदर्श वजनापर्यंत खेचत नेण्याचा हट्ट सोडावा, थोडं उतरवून थांबावं. जुन्या पद्धतीच्या डॉक्टरांना हे अर्धवट वाटतं. म्हाताऱ्या कुत्र्यापुरतं मला ते शहाणपणाचं वाटतं.

दोष कुणाचा?

बराच काळ याचं उत्तर सोपं मानलं जायचं. कुत्रा स्वतः फ्रीज उघडत नाही, तेव्हा दोष मालकाचा. मालकांवर झालेल्या अभ्यासांनी त्याला आधारही दिला. १९९८ च्या एका जर्मन अभ्यासात जाड कुत्र्यांचे मालक कुत्र्याशी जास्त माणसासारखं वागतात आणि खाऊ घालण्यातून जवळीक दाखवतात असं दिसलं. यात तथ्य आहे. पण एवढ्यावर थांबलं तर एकाच घरातला, एकाच ताटलीतलं खाणारा एक कुत्रा सडपातळ आणि दुसरा जाड का, हे सांगता येत नाही.

२०१६ मध्ये केंब्रिजच्या एलेनॉर राफन यांच्या गटाने या प्रश्नाला वेगळं वळण दिलं. लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकातला चौदा अक्षरांचा एक तुकडा काही कुत्र्यांत गळलेला असतो. हे जनुक खाऊन झाल्याचा, पोट भरल्याचा संदेश मेंदूला देण्यात भाग घेतं. तपासलेल्या लॅब्रॅडॉरपैकी २३ टक्क्यांत हा दोष निदान एका प्रतीत होता, आणि दर प्रतीमागे वजन सरासरी दोन किलोंच्या आसपास जास्त. अंध-अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्रॅडॉरांत तर हे प्रमाण ७६ टक्के निघालं. त्यातून एक रास्त तर्क निघतो, सिद्ध व्हायचा असला तरी : खाऊच्या आशेने शिकणारी कुत्री प्रशिक्षणासाठी निवडली गेली, आणि निवडता निवडता भूकच निवडली गेली.

पुढचा टप्पा २०२४ चा. पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवून कुत्र्यांना तो दिसू द्यायचा, वास येऊ द्यायचा, पण मिळू द्यायचा नाही. दोष असलेली कुत्री डब्याशी जास्त झटली. पण पोटभर खायला दिल्यावर त्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. म्हणजे त्यांचं पोट भरतं, पण दोन जेवणांच्या मध्ये त्यांना भूक जास्त लागते. शिवाय विश्रांतीत त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. दोन्हीकडून मार. २०२५ च्या मार्चमध्ये याच गटाने डीईएनएनडीवनबी हे आणखी एक जनुक पुढे आणलं, आणि सोबत एक दिलासाही दिला : जनुकांचा जोर जास्त असलेल्या कुत्र्यालाही कडक मालक सडपातळ ठेवू शकतो, फक्त त्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त झटावं लागतं.

या संशोधनाने मालकाला सोडून दिलं असं कुणी समजू नये. पण दवाखान्यातली भाषा बदलायला हवी, हे त्यातून निघतं. टेबलाखाली बसून एकटक बघणारा लॅब्रॅडॉर ‘हावरट’ नाही. त्याला खरोखर भूक लागलेली असते, आणि तरीही त्याला न देणं हे त्याच्या भल्याचं असतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि घरातल्या माणसांना तसंच सांगायला हवं.

नसबंदीचा मुद्दा याला जोडून येतो. नसबंदीनंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज कमी होते, साधारण २० ते ३० टक्के, आणि भूक मात्र वाढते. यावर फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते वेळेबद्दल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ पासून दाखवलं की गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत लवकर केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे काही विकार वाढतात. त्यावरून मोठ्या जातींत थांबावं असं काहींचं म्हणणं. गर्भाशयाचा संसर्ग, स्तनाच्या गाठी आणि नको असलेली पिल्लं यांकडे बोट दाखवून लवकर करावी असं दुसऱ्यांचं. वजनापुरतं उत्तर त्यामानाने सोपं आहे : शस्त्रक्रियेच्या आठवड्यातच ताटलीतलं माप कमी करायचं, जाडी दिसायची वाट बघायची नाही. टाके काढायला येणाऱ्या किती मालकांना हे सांगितलं जातं, हा वेगळा प्रश्न.

ताटलीत काय, आणि किती?

खाणं कमी करण्याचा हिशेब ठरलेला आहे. कुत्र्याच्या आदर्श वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणलं की विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरी मिळतात, आणि वजन उतरवायला सुरुवात साधारण तेवढ्यापासून किंवा त्याच्या खालून करतात. तीस किलोचा व्हायला हवा अशा लॅब्रॅडॉरसाठी हा आकडा ९०० च्या आसपास येतो, आठ किलोच्या पगसाठी ३३० च्या. आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरावं अशी मार्गदर्शक सूचना आहे. घरोघरीच्या कुत्र्यांत ते एका टक्क्याच्याही खालीच राहतं. चाळीस किलोच्या लॅब्रॅडॉरला तीसवर आणायला आठवड्याला एक टक्का धरला तरी सात महिने लागतात. हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात धीर सुटतो.

आता पगचे ३३० घ्या आणि आपल्या घरातला एक दिवस बघा. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं, सुमारे ५० कॅलरी. दुपारी तूप लावलेली अर्धी पोळी, ७० च्या आसपास. संध्याकाळी वाटीभर म्हशीचं दूध, शंभरच्या वर. एकूण सव्वादोनशेच्या पुढे, दिवसाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त, आणि अजून त्याचं जेवण व्हायचंच आहे. ‘काही खातच नाही’ म्हणणारी आई खोटं बोलत नसते. तिने ठेवलेली ताटली खरंच तशीच पडलेली असते. आजोबांनी काय दिलं, मुलांनी काय दिलं, वॉचमनने खारी दिली की बटर, याची बेरीज कुणाकडेच नसते. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वमान्य नियम आहे. पगसाठी तो सव्वा बिस्किट भरतो.

मापाचंही तसंच. लिव्हरपूल विद्यापीठातल्या अलेक्झांडर जर्मन यांच्या गटाने माणसांना कपाने कोरडं खाद्य मोजायला सांगितलं, तेव्हा चूक १८ टक्के कमीपासून ८० टक्के जास्तीपर्यंत गेली. म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा हे या सगळ्या उपचारातलं सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी साधन आहे.

काय द्यावं, यावर खरा वाद आहे. एक बाजू वजन उतरवण्यासाठी बनवलेल्या तयार खाद्याची. त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त, कॅलरी कमी. पोट भरल्यासारखं वाटतं, वजनही जास्त उतरतं, असे अभ्यास आहेत. नेहमीचंच खाद्य नुसतं निम्म्यावर आणलं तर कॅलरींबरोबर जीवनसत्त्वं आणि खनिजंही निम्मी होतात, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दुसरी बाजू घरच्या जेवणाची : ताजं, परवडणारं, आणि त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक. तिच्या विरोधात २०१३ चा डेव्हिसचा अभ्यास उभा करतात. पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तर ९५ टक्क्यांत एखादा तरी आवश्यक घटक कमी पडत होता. घरचं जेवण वाईट, असा याचा अर्थ मी लावत नाही. मोजून-तपासून आखलेलं नसलं तर ते अपुरं राहतं, एवढाच लावतो. आणि तयार खाद्याच्या बाजूचे बहुतेक अभ्यास ते विकणाऱ्यांच्या पैशावर झाले आहेत, हेही नोंदवायला हवं.

पोळी-भात कुत्र्याच्या प्रकृतीला झेपतच नाही, हा दावा मात्र टिकत नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या कामानुसार पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगलेला हा प्राणी आहे. धान्यविरहित खाद्याची लाट त्यामुळेही मला पटत नाही. शिवाय अशा काही खाद्यांचा हृदयाच्या एका विकाराशी संबंध आहे का, हा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये पुढे आणलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. पोळीची अडचण तिच्या संख्येत आहे, आणि ती जवळपास निव्वळ पिष्ट असण्यात. उकडलेलं अंडं, चिकन, दुधी, फरसबी यांच्या जोडीला थोडी पोळी, आणि बिस्किटाच्या जागी काकडी-गाजराचा तुकडा, इतका बदल बहुतेक घरांत जमतो. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी आहेत. ‘हेल्दी’ म्हणून मनुका घालणं महागात पडेल. आणि खाणं तेवढंच असताना वजन अचानक वाढलं, तहान वाढली, केस गळायला लागले, तर आधी थायरॉइड आणि कुशिंगच्या आजाराची तपासणी करून घ्यावी, मग आहार.

फिरवणं आणि औषधं

‘रोज दोन तास फिरवतो’ असं सांगणारे मालक निराश होतात, कारण फिरण्याने वजन फारसं उतरत नाही. २०१९ च्या एका चाचणीत एका गटाचं खाणं कमी केलं, दुसऱ्याचा व्यायाम वाढवला. वजन ठळकपणे उतरलं ते पहिल्याचं. पण २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये आहाराला व्यायामाची जोड दिली, तेव्हा दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरूनही व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू शाबूत राहिले. म्हणजे उतरवणं ताटलीचं काम, आणि उतरताना अंग धडधाकट ठेवणं पट्ट्याचं. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला पळवू नये, आणि महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत घरी यावं.

औषधांचा इतिहास छोटा आहे. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत फायझरच्या स्लेंट्रोलला कुत्र्याच्या लठ्ठपणावरचं पहिलं औषध म्हणून मान्यता मिळाली. ते आतड्यातून चरबी शोषली जाणं अडवायचं आणि भूक मारायचं. वजन उतरायचं, उलट्या-जुलाबही व्हायचे, आणि थांबवलं की भूक परत. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. आता माणसांतल्या सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या यशानंतर त्याच जातीची औषधं प्राण्यांसाठी आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात की भूक जनुकांत असेल तर उपायही तिथेच हवा. विरोधकांचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो : कुत्र्याने खाणं सोडणं ही आजाराची पहिली खूण मानली जाते, औषधाने तीच झाकली गेली तर दुखणं कळणार कसं? तोवर घरातल्या कुणाचं इंजेक्शन कुत्र्याला देऊन बघण्याचा विचारही करू नये.

टिकवणं

लिव्हरपूलच्या वजन-दवाखान्यातल्या १४३ कुत्र्यांपैकी ठरवलेल्या वजनापर्यंत पोचली सुमारे ६० टक्के, तीही तज्ज्ञांची देखरेख, वारंवार तपासणी आणि उत्साही मालक असताना. तिथल्याच, वजन उतरवून झालेल्या ३३ कुत्र्यांचा पुढे पाठपुरावा केला, तर ४८ टक्क्यांचं वजन पुन्हा वाढलं होतं. वजन उतरवणारं खाद्यच पुढे चालू ठेवलेल्यांचं त्यामानाने कमी वाढलं. उतरलेल्या कुत्र्याची गरज आधीपेक्षा कमी राहते, त्यामुळे ‘झालं एकदाचं’ म्हणून जुन्या मापावर परतलं की चरबीही परतते.

इथून पुढे वाट धूसर आहे. पाठपुराव्याचे अभ्यास थोडे, त्यांतली कुत्री मोजकी. कोणत्या घरात वजन टिकतं आणि कोणत्या घरात नाही, याचा अंदाज आधी बांधता येत नाही. एकत्र कुटुंबात, जिथे खाऊ घालणारे हात सहा-सात असतात, तिथे ‘मालक’ हा एकवचनी शब्द गृहीत धरून केलेलं हे सगळं संशोधन कितपत लागू पडतं, हेही तपासायचं आहे. वर आलेले जवळपास सगळे आकडे ब्रिटन-अमेरिकेतल्या, पिशवीतलं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांचे आहेत. आपल्याकडची कुत्री सकाळी तयार खाद्य, दुपारी दहीभात, रात्री पोळी अशा मिश्र जेवणावर असतात. सोसायटीच्या दारातली, नसबंदी झालेली आणि चार घरांतून पोसली जाणारी देशी कुत्रीही अलीकडे जाड दिसू लागली आहेत, आणि त्यांचं वजन तर कुणीच करत नाही.

याची सुरुवात फार मोठ्या निधीशिवाय होऊ शकते. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत रेबीजच्या लसीसाठी कुत्री दरवर्षी येतातच. त्या दिवशी वजन, नऊपैकी अंगस्थितीचा गुण, नसबंदी झाली आहे की नाही, आणि कालच्या दिवसात घरातल्या कुणी कुणी काय दिलं, एवढ्या चार नोंदी लसीच्या पुस्तिकेत झाल्या, तर पाच वर्षांत मराठी घरांतल्या कुत्र्यांचं स्वतःचं चित्र हाती येईल.